शिशीवरचं नाव

दवाखाना, नगर
शुक्रवार, ९ मार्च १९७३

आणि वर तू श्रीमंतला सांगतोस की, "आक्कानंच मला तोडलं, आता मी कशाला पत्र लिहू?" तोडलं म्हणे! चारचौघांत चार शब्द बोलले तर माणूस पाच वर्षं डोंगरात तोंड लपवून बसतो होय रे? शब्द माझे होते, पाय तुझे होते. मी तुला उचलून अकोल्याच्या गाडीत बसवलं नव्हतं. तुझा तू गेलास, आणि जाताना लेकीकडं वळून बघितलंसुद्धा नाहीस.

आशीर्वाद शेवटी लिहीन, कागद उरला तर. माझं अक्षर वाकडं आहे म्हणून हसू नकोस. तिसरीत माझी शाळा सुटली ती तुझ्यापायी. तू रांगत होतास आणि आई रानात जायची. मी तुला कडेवर घेऊन बसले, आणि तू पुढं सातवी पास होऊन राधाकृष्ण डॉक्टरांचा कंपाउंडर झालास. तेव्हा हे वाकडं अक्षर तुलाच वाचायचं आहे, मुकाट्यानं वाच.

लंका दवाखान्यात आहे. तुझी लेक, माझी सून. आज सतरावा दिवस.

झालं ते असं. संक्रांतीनंतर आम्ही सगळी खडीच्या कामावर होतो. अख्खं गावच होतं, यंदाच्या दुष्काळात दुसरं काम आहे कुठं? लंका खडी फोडत होती, दगडाची कपची उडून तिच्या नडगीत घुसली. बोटभर जखम. मी हळद दाबली, चिंधी बांधली. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाली, "आत्या, थंडी वाजतीया." मी म्हणाले, "थंडीच्या दिसांत थंडी न्हाई वाजणार तर काय ऊन वाजंल? ऊठ, हजेरी बुडंल." आणि ती उठली बिचारी. हे मी लिहिते ते तुला कळावं म्हणून, माझी दया यावी म्हणून नाही. दुपारी हातातला हातोडा पडला. दात वाजायला लागले, दोन गोधड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबेना. धाप अशी, जशी गर्भगिरीचा डोंगर चढून आली. संध्याकाळी मला म्हणते, "आई, गाई सोडल्या का?" तुझी बनुबाई जाऊन सतरा वर्षं झाली, आणि ही मला आई म्हणून हाक मारतीय. मी म्हणाले, तापात बडबडते, निजली की उतरेल.

इथल्या डॉक्टरीणबाई आता मला सांगतात, "आजी, हुडहुडी, धाप, बडबड, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पेशंटला उचलून आणायचं. जखमेचं विष रक्तात उतरल्याची ती खूण असते." आजी म्हणतात मला. त्यांच्या-माझ्या वयात दहा वर्षांचंही अंतर नसेल. ते जाऊ दे.

आधी तिसगावला दाखवलं. तिथं कॅप्सूल दिल्या. ताप उतरला, मग पुन्हा चढला, पाय सुजला, जखमेतून पू यायला लागला. मग इथं आणलं. इथं फोटो काढला तर आतलं हाड नासलेलं. मेलेलं हाड खरवडून काढायचं आणि सहा आठवडे सुया द्यायच्या, तेव्हा पाय वाचेल. ती सुई पेनिसिलीनची. नाव नर्सबाईंनी, भिमाबाईंनी, लिहून दिलं, तसंच उतरवते.

आता तुझ्या कामाचं ऐक. सुई भरायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला पूर्वी कुठलं इंजेक्शन बाधलंय का?"

लंका म्हणाली, "लगीन झालं त्या साली वडलांनी दिलं हुतं. अंगावर गांधी उठल्या, व्हट सुजलं, गळा आवळल्यावानी झाला. म्होरचं मला काय आठवत न्हाई."

बाईंनी सुई तिथंच ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडं वळल्या. "कसलं इंजेक्शन होतं?"

"तापाचं."

"तापाचं म्हणजे? औषधाचं नाव काय?"

"ते तिच्या बापाला ठाऊक."

"बाप कुठं आहे?"

काय सांगू? तो मेला नाही, पण जिवंत असल्याचाही पुरावा नाही, असं सांगू? राधाकृष्ण डॉक्टरांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनीच दुसरी सुई देऊन लंकाला माघारी आणलं आणि संध्याकाळी तुला कामावरून काढलं. पण ते परसाल वारले आणि त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. आता राहिलास तू एकटा. बाई म्हणतात, ती पेनिसिलीनची सुई असेल तर आता थेंबभरसुद्धा द्यायचं नाही. एकदा बाधलेलं दुसऱ्यांदा जीव घेऊन जातं. आणि ती नसेल तर या हाडाला त्याच्यासारखं औषध नाही. तोवर रोज पू धुऊन पट्टी बदलतात, साध्या गोळ्या देतात, ताप दबून असतो एवढंच.

श्रीमंत आपल्या गावचा, आता अकोल्याच्या गाडीवर कंडक्टर आहे. त्यानं तुला राजूरच्या बाजारात बघितलं म्हणून तुझा ठिकाणा लागला. त्याच्याच हाती हे देते. तू लेकीला काय टोचलंस, एवढं एका ओळीत लिही. दुसरं काही नको मला तुझ्याकडून.

गोजरा


दवाखाना, नगर
बुधवार, १४ मार्च

"शक्तीची सुई होती. काळजी नसावी."

चहाच्या पुड्याच्या कागदावर पाच शब्द. पाच वर्षांनी पाच शब्द, वर्षाला एक पडला. लेक कशी आहे? नाही. पाय कुठला? नाही. काळजी नसावी! तुझ्या सांगण्यानं काळजी जात असती तर मी इथं दवाखान्याच्या फरशीवर अंग कशाला टाकलं असतं?

श्रीमंतला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "आक्का, पत्र त्यांनी दोनदा वाचलं." बरं झालं. वाचू दे. मग म्हणाला, "त्यांची अजून चलती हाय तिकडं. खांद्याला पिशवी असती. बाजारात झाडाखाली बसत्यात, माणसं दंड पुढं करून रांग लावत्यात. डोंगरातल्या लोकांना गोळी दिली तर राग येतो, सुई टोचली की समाधान." ते काय मला ठाऊक नाही? आपल्याकडं वेगळं काय आहे? सुई दिली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं म्हणणारी मीच होते.

तुझी चिठ्ठी मी अजून डॉक्टरीणबाईंना दाखवलेली नाही. पिशवीत ठेवलीय. का नाही दाखवली, ते मलाही धड सांगता येत नाही. घास तोंडात घेतला आणि खडा लागला की माणूस थांबतो, तसं झालं.

तोवर माझं एक ऐक. तिसगावच्या कॅप्सूल अर्ध्या तांबड्या, अर्ध्या पिवळ्या होत्या. दिवसाला चार, दहा दिवस. इंग्रजी औषध गरम पडतं, तोंड येतं, पोटात आग होते, हे काय मी नव्यानं सांगायला पाहिजे? म्हणून मी एकेका कॅप्सूलमागं पेलाभर दूध पाजलं. यंदाच्या साली दूध! म्हैस छावणीत बांधलेली. सकाळी उठून दीड कोस चालायचं, तांब्याभर दूध पदराखाली झाकून आणायचं. मच्छिंद्रच्या चहात थेंब घातला नाही. तो म्हणाला, "आई, तुझा ल्योक मी हाय का ही माझी बायकू?" मी म्हणाले, "तू गप बस, तुला काय धाड भरलीय?" समोर उभी राहून, लंकाच्या तोंडात कॅप्सूल घालून, वरून दूध पाजलं. अर्धा पेला ठेवला तर ओरडले.

परवा भिमाबाईंनी सहज विचारलं, कॅप्सूल कशाबरोबर दिल्या? मी ताठ मानेनं सांगितलं, दुधाबरोबर. त्या श्रीगोंद्याकडच्या आहेत, बोलायला माझ्याहून फटकळ. म्हणाल्या, "अवो मावशी, त्या औषधाचं आन् दुधाचं वाकडं हाय. दूध पोटात त्याला धरून ठेवतं, रगतात उतरू देत न्हाई. तुमी औषध दिलंच न्हाई, निस्तं दूध दिलंत."

मी म्हणाले, "मग तिसगावच्या माणसानं सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं नसंल?"

सांगितलं होतं. "पाण्याबरोबर, दूध-ताक नको," असं दोनदा सांगितलं होतं. मी घरी येऊन म्हणाले, त्याला काय कळतं, काल नोकरीला लागलेलं पोर.

आणि एवढ्यावर भागलं नाही. थोडंफार उतरलं असेल रक्तात, सहाव्या दिवशी ताप गेला. मग मी उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवून दिल्या, चांगलं औषध वाया कशाला घालवायचं म्हणून. शेजारच्या राहीबाईच्या नातवाला गळू झालं तर त्यातल्या चार तिला दिल्या. लई मोठा धर्म केला! डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "आजी, अर्धवट औषधानं कच्चे जंतू मरतात, दांडगे तेवढे उरतात. तेच आता हाडात बसलेत. आणि त्या पोराला न बघता कॅप्सूल दिल्या? लहान वयात त्यानं दात कायमचे पिवळे पडतात." मी राहीबाईला निरोप धाडलाय, उरल्या असतील तर देऊ नको, पोराला घेऊन दवाखान्यात जा. तिनं उलट निरोप धाडला, दिलेलं माघारी मागायची रीत कुठली? घ्या!

तर बन्सी, माझी चूक मी लिहून दिली. कुणी विचारलं नव्हतं, तरी लिहिली. आता तू मला एवढंच सांग: शक्तीची सुई कुठल्या रंगाची असते?

गोजरा


दवाखाना, नगर
मंगळवार, २० मार्च

रंगाचं उत्तर आलं नाही. श्रीमंत म्हणतो, "बघतो म्हणाले." काय बघतोस? आभाळ?

तू नाही सांगितलंस तरी मला कळलं. कसं कळलं ते ऐक, आणि बसून ऐक, उभ्यानं ऐकण्यासारखं नाही.

होळी दवाखान्यातच झाली. मच्छिंद्र गावाकडून आला तो तोंड पाडून. गावात चार शहाणे त्याच्या कानाशी लागलेत: बायकोचा पाय गेला तर कामाला कोण जाणार, अजून पोरबाळ नाही, आत्ताच दुसरीकडं बघून ठेव. तो तसा वाईट नाही, पण घायकुता आहे. त्यानं पाणी प्यायला भांडं काढताना माझ्या पिशवीतली तुझी चिठ्ठी बघितली. मला न विचारता उचलली आणि थेट डॉक्टरीणबाईंना नेऊन दिली. "हे बघा, सासऱ्यांनी लिहून दिलंय. शक्तीचं हुतं. आता तरी चालू करा तुमचं पेनिसिलीन."

बाईंनी वाचलं. "वडील कंपाउंडर आहेत ना? मग त्यांना माहीत असणार. ठीक आहे, थोडं टोचून बघू, अंगावर काही उठलं नाही तर आजच सुरू करू."

मी लंकाच्या उशाशी होते. लंका खूश झाली. मला म्हणाली, "आत्या, आबांनी लिवलं बघा. माझं नाव लिवलंय का त्यात?" आणि भिमाबाई सुई भरायला वळल्या.

बन्सी, तुला आठवतं का, लहानपणी आईच्या उतरंडीचा गूळ तू खायचास आणि हात धुऊन येऊन मला म्हणायचास, "आक्का, तू काळजी करू नगं, मांजरानं खाल्ला असंल"? खरं बोलताना तू कधी कुणाला काळजी करू नको म्हणाला नाहीस. खरं बोलताना तू चिडतोस. खोटं बोलताना दुसऱ्याची काळजी घेतोस. घासातला खडा तो होता. मला तिथं उभ्याउभ्या कळलं.

मी सुई आणि लंका यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. सगळा वॉर्ड बघत होता. म्हणाले, "बाई, थांबा. हे खोटं हाय."

मच्छिंद्र म्हणाला, "आई, सर बाजूला. येड लागलं का तुला?"

"हात लावून तर बघ मला," म्हणाले. "बाई, मी त्या दिशी तिथं व्हते. त्यानं शिशी हालवली व्हती. पानी घालून खळखळ हालवली व्हती."

डॉक्टरीणबाईंनी भिमाबाईंकडं बघितलं. भिमाबाईंनी मला टेबलाशी नेलं. शक्तीची सुई दाखवली: काचेची नळी, मान मोडायची, आत तांबडं लाल पाणी. यात हलवायचं काय? मग रबरी बूच असलेल्या दोन शिश्या पुढं ठेवल्या, दोन्हींत पांढरी भुकटी. म्हणाल्या, "यातली एक पेनिसिलीन. दुसरी क्षयाच्या माणसाला देत्यात ती, कंपाउंडर लोक तापालाबी टोचत्यात. जास्ती दिली तर माणूस बहिरा व्हतो. कुठली व्हती?"

मी दोन्ही शिश्या उजेडात धरून बघितल्या. सारख्याच. भिमाबाई म्हणाल्या, "शिशीवरचं नाव वाचल्याबिगर मीसुद्धा हात लावत न्हाई, मावशी. आतलं बघून काय कळत न्हाई."

म्हणजे मला अर्धं ठाऊक आहे आणि अर्धं तुला. त्या दिवशी मी आडवी पडले नसते तर तुझ्या पाच शब्दांनी तुझी लेक दुसऱ्यांदा गेली असती की नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. मी विचारलं, "मग समजा तीच होती, आणि ती देऊच नका." बाई म्हणाल्या, "मग दुसरं औषध आहे, पण त्यानं क्वचित एखाद्याच्या अंगात रक्त बनायचंच बंद होतं, आणि मग हातात काही राहत नाही. हाडावर ते पेनिसिलीनइतकं चालेल याची खात्री मला नाही. चाललं नाही तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. बावीस वर्षांच्या मुलीवर हे मी अंदाजानं नाही करणार. नाव आणा."

लंकानं सगळं ऐकलं. वॉर्डातल्या बायका जेवायला गेल्यावर मला विचारलं, "आत्या, आबांनी खोटं का लिवलं?" मी म्हणाले, घाबरलाय. तर म्हणते, "मला घाबरत्यात?" आणि वर विचारते, "श्रीमंतला इचारा, आबांची दाढी पिकली का?"

याचं उत्तर तूच दे. खरं लिही. हे पत्र मिळेल त्याच दिवशी.

गोजरा


दवाखाना, नगर
रविवार, २५ मार्च

"आक्काला सांग, मी मेलो." हा निरोप पाठवलास तू. मेलास तर मेलास, मेल्यावर तरी खरं बोल! जिवंतपणी काही जमलं नाही तुला.

श्रीमंत बिचारा दोन्हीकडून शिव्या खातोय. शुक्रवारी तो आला तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले. तो म्हणाला, "आक्का, अजून एक बोलले ते. जाताना माघारी फिरून इचारलं, आक्कानं डॉक्टरला अर्ध्या तासाचं सांगितलं का?" मग मला विचारतो, "अर्धा तास म्हंजी काय वो?"

मी त्याला म्हणाले, तुझी गाडी सुटंल, जा.

तर तू हे धरून बसला आहेस. बरं. मी तिन्ही पत्रांत ते लिहिलं नाही, खरं आहे. माझ्या दुधाचं लिहिलं, कॅप्सूलचं लिहिलं, हजेरीचं लिहिलं, वाटलं तेवढ्यानं भागेल. तुला खरं बोल म्हणत होते आणि स्वतः सगळ्यात जड दगड पदराखाली झाकून बसले होते. आता काढते. वाच.

रंगपंचमीचा दिवस होता. नव्या जोडीनं मढीला कानिफनाथाच्या पायावर जायचं, आपल्याकडं ते चुकत नाही. दारात तीन गाड्या जुंपलेल्या, पाहुणे चढून बसलेले. लंकाचा घसा सुजलेला, अंग तापलेलं, तिला उभं राहवेना. मी तुला घरात बोलावलं, म्हणाले, सुई दे आणि उठव तिला. तू पिशवी उघडलीस. आत आपण तिघंच होतो, आणि लंका तापात डोळे मिटून पडलेली. तू म्हणालास, "आक्का, आधी दंडावर थेंबभर टोचून अर्धा तास बघावं लागतं. लाल गांध उठली तर ही सुई द्यायची न्हाई. डॉक्टर कदी तसं दिऊन देत न्हाईत."

मी म्हणाले, "बैलं जुंपलीत, माणसं खोळंबलीत. बाप हायस का परका? सोताच्या लेकीला इख देतोस व्हय, अर्धा तास बघायला?"

तू पुन्हा म्हणालास, "आक्का, अर्धाच तास."

मी म्हणाले, "तुला येत न्हाई म्हणून सांग. बाहेर जाऊन सांगते, माझ्या भावाला निस्त्या बाटल्या धुवाय येत्यात."

मग तू टोचलंस.

दोन मिनिटं झाली नसतील. लंका मांडी खाजवायला लागली, मग गळा. तोंड ओळखू येईना. शिट्टी वाजल्यासारखा श्वास आणि डोळे पांढरे. कुणी म्हणालं देवाचं चुकलं, कुणी म्हणालं दृष्ट. मच्छिंद्र सायकल मारत राधाकृष्ण डॉक्टरांकडं पळाला. आणि मी अंगणात येऊन तीन गाड्या माणसांसमोर छाती बडवून ओरडले, "बापानं लेक मारली!" अर्ध्या तासाचं बोलले नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. तू माझ्याकडं बघत होतास. मला वाटलं, आता बोलेल. तूही बोलला नाहीस. का रे नाही बोललास? तू त्या वेळी अंगणात उभा राहून म्हणाला असतास ना की घाई आक्काची होती, तर मी तुला तिथंच झोडपलं असतं, पण तू गावात राहिला असतास. लेकीला बाप राहिला असता. तू मोठेपणा केलास आणि पळालास. तुझा तो मोठेपणा आज लंकाच्या जिवावर उठलाय, कळलं का तुला?

काल मी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मच्छिंद्र उभा होता, लंका खाटेवर बसली होती, दोघांच्या देखत सांगितलं.  बाई म्हणाल्या, "आजी, चूक कुणाची ते मी विचारलेलं नाही. पोलिसात देणं माझं काम नाही. थेंबभर टोचून बघायची रीत दोन्ही शिश्यांना आहे, त्यावरून कळत नाही. मला औषधाचं नाव पाहिजे." मच्छिंद्र तसाच बाहेर निघून गेला, तो कालपासून माझ्याशी बोलत नाही. लंका बोलते. म्हणाली, "आत्या, गाड्या मग मढीला गेल्या का?" मी म्हणाले, नाही गं, सोडल्या. तर म्हणते, "मंग येवढी घाई कशाला केली?"

मी तिच्या पायावरची गोधडी सारखी केली. 

आता तुला अडवायला काही उरलं नाही. राधाकृष्ण डॉक्टर नाहीत. घाई माझी होती हे सगळ्यांना ठाऊक झालंय. शिव्या खायच्या त्या मी खातेय. तुझं राहिलंय ते एवढंच, की शिशी तुझ्या हातात होती आणि तिच्यावरचं नाव तू वाचलं होतंस. सातवी शिकलास ते एवढ्यासाठी तरी कामाला येऊ दे.

आणि ती पिशवी. श्रीमंत म्हणतो रांग लागते. त्या रांगेतल्या किती जणांना तू अर्धा तास बसवतोस? खरं सांग. तिथंही कुणाची तरी गाडी जुंपलेली असेल, कुणाची तरी आक्का ओरडत असेल, टोच म्हणून. तू तिचं ऐकत असशील, मला ठाऊक आहे, तुला बायकांच्या तोंडाची भीती वाटते. तुला अजून समजत नसेल तर पिशवी विहिरीत टाक. नाहीतर पिशवी घेऊन इथं ये, भिमाबाई तुझ्या हातून सगळ्या शिश्या वाचून घेतील आणि तुला चार गोष्टी सुनावतील. माझ्याहून बऱ्या सुनावतात.

आता ठरलंय ते ऐक. गुरुवारी सकाळी नऊ वाजता लंकाचं हाड खरवडायचं आहे. त्याहून पुढं ढकलत नाही, पू वर सरकतोय, काल पुन्हा ताप चढलाय. त्याआधी औषध अंगात जायला पाहिजे. नाव आलं आणि ते पेनिसिलीनचं नसलं तर पेनिसिलीन जाईल. नाव तेच निघालं किंवा आलंच नाही तर ते दुसरं, रक्ताला धोका असलेलं, आणि मग पाय राहील की जाईल ते बघायचं. आणि पुन्हा खोटं लिहिलंस तर मी आडवी पडायला आहेच, पण या खेपेला बाई माझं ऐकतील का, ते मी सांगू शकत नाही.

श्रीमंतची गाडी बुधवारी दुपारी अकोल्याहून सुटते. तू त्या गाडीत बसून आलास तर सगळ्यात बरं. लंका दाढीचं विचारतेय, ते तिचं तिला बघू दे. येणार नसशील तर हाच कागद श्रीमंतच्या हाती माघारी दे. आशीर्वादाला खाली जागा उरली होती, ती मी भरली नाही. ती तुझ्यासाठी सोडलीय. काळजी नसावी असं लिहू नकोस. आक्का वाईट, असं लिहायचं असेल तर मागच्या बाजूला लिही, मी वाचीन. या बाजूला फक्त नाव.

गुरुवार, २९ मार्च, सकाळी नऊच्या आत.

लंकाला टोचलेल्या शिशीवरचं नाव: